शिंगाळ्याच्या नावाचा घोळ

प्रश्न : माझ्याकडील मत्स्यशास्त्राच्या जुन्या पुस्तकात शिंगाळ्याचे शास्त्रीय नाव 'टॅकिसुरस' असे छापले आहे. नोकरीनिमित्त मी सध्या चीनमध्ये राहतो आणि इथे तेच नाव गोड्या पाण्यातल्या, तळ्यांत पाळल्या जाणाऱ्या एका पिवळसर माशाला लावतात. चूक कोणाची? शिवाय चीनच्या किनाऱ्यावरचे समुद्री शिंगाळे एकमेकांपासून ओळखायचे कसे?
– एक वाचक, ग्वांगझू

उत्तर : आजच्या वर्गीकरणाप्रमाणे चीनमधल्या पिवळ्या माशाला लावले जाणारे नाव बरोबर आहे, पण आपल्या पुस्तकाच्या लेखकालाही फार दोष देता येणार नाही. 'टॅकिसुरस सायनेन्सिस' हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०३ मध्ये दिले, तेही मासा हातात न घेता, केवळ एका चिनी चित्रावरून! चित्रातला मासा समुद्री शिंगाळाच असावा असे पुढच्या काही अभ्यासकांनी गृहीत धरले आणि शिंगाळ्यांना १८४० मध्ये दिलेल्या 'एरियस' या नावापेक्षा हे नाव जुने म्हणून शिंगाळ्यांच्या माथी मारले. भारतातल्या मत्स्यविषयक लेखनातही ते अनेक दशके रुळले होते. अखेर २००७ मध्ये हिओक-ही इंग (Ng) आणि मॉरिस कॉटेलॅट या मत्स्यशास्त्रज्ञांनी हा मासा नदीतल्या बॅग्रिडी कुळातला असल्याचे दाखवून त्याचा नवा प्रमाण-नमुना (ज्याच्यावरून नाव पक्के होते असा जतन केलेला मासा) ठरवून दिला, तेव्हा ते नाव आपण पाहता त्या पिवळ्या माशाच्या गटाकडे गेले. समुद्री शिंगाळे एरिइडी या वेगळ्या कुळातले आहेत.

ही दोन कुळे मिशांवरून सहज वेगळी करता येतात. नदीतल्या पिवळ्या माशाला मिशांच्या 4 जोड्या असतात आणि त्यांतली एक नाकपुडीजवळून निघते. चीनच्या किनाऱ्यावरच्या एरिइडी माशांना साधारणपणे 3 जोड्या असतात व नाकपुडीजवळ मिशी नसते. चीनच्या समुद्रात आणखी एक मिशाळ मासा मिळतो, तो प्लोटोसस. त्यालाही 4 जोड्या असतात, पण त्याची शेपटी वामाप्रमाणे निमुळती होत जाते, तर शिंगाळ्याची शेपटी खोल दुभंगलेली असते आणि तिच्या अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल पर असतो. प्लोटोससचे काटे अतिशय विषारी असल्याने तो हाताळण्याच्या फंदात पडू नये.

खरी कसोटी आहे ती शिंगाळ्यांची आपसांतली ओळख. रंगावर विसंबू नये, कारण मासा मेला की रंग उतरतो. 'एरियस मॅक्युलेटस' या जातीला डागावरून नाव मिळाले असले आणि तिच्या मांसल परावर बहुधा काळा डाग असला, तरी तसा डाग इतर जातींतही दिसतो. काट्यांचा उपयोगही मर्यादितच, कारण ते टोचू नयेत म्हणून अनेकदा विक्रीपूर्वीच मोडलेले असतात. म्हणून माशाचे तोंड उघडून टाळू पाहावी. 'एरियस मॅक्युलेटस'च्या टाळूवर प्रत्येक बाजूस दातांचा एकच लांबट पट्टा असतो, आणि त्यावरून बोट फिरवले तर दात टोकदार न लागता रव्यासारखे दाणेदार लागतात. शिंगाळ्यांच्याच 'नेटुमा' या दुसऱ्या प्रजातीत (जातींच्या गटात) मात्र प्रत्येक बाजूस दातांची ठिगळे त्रिकोणात मांडल्यासारखी असतात आणि दात बारीक, टोकदार असतात. याच्या जोडीला डोक्यावरचे खरबरीत हाडांचे कवच पाहावे. त्याचा मागचा भाग किती रुंद आहे आणि पाठीवरच्या पराच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या तुकड्याला कसा जाऊन मिळतो, यावरूनही जाती वेगळ्या करतात.

'नेटुमा थॅलसिना' आणि 'नेटुमा बायलिनिएटा' या दोघींचा घोळ मात्र जाणकारांनाही चुकलेला नाही. दीर्घकाळ या दोन्ही एकाच नावाखाली नोंदल्या गेल्या, त्यामुळे जुन्या याद्यांतील 'थॅलसिना' नेमकी कोणती हे ठेवलेला नमुना पाहिल्याशिवाय सांगणे धोक्याचे आहे.

टाळू पाहताना एक पथ्य पाळावे. या कुळात नर सुमारे सेंटीमीटरभर किंवा त्याहून मोठी अंडी तोंडात धरून उबवतो, आणि त्या काळात त्याच्या टाळूची त्वचा जाड होऊन दात झाकले जाऊ शकतात. असा नर हाती आल्यास त्याच्यावरून निष्कर्ष न काढता त्याच टोपलीतली मादी उचलून पाहावी.