गुलाबाची पानं कापणारी माशी आणि पाडायला काढलेली मातीची भिंत

प्रश्न : माझ्या गच्चीतल्या गुलाबाच्या पानांच्या कडा कोणीतरी कंपासने आखल्यासारख्या गोल कापून नेतंय. नर्सरीत विचारलं तर फवारणी करा म्हणाले. शेजारच्या काकूंचं म्हणणं, ही एकटी राहणारी मधमाशी आहे, तिला घर करून द्या. म्हणून पत्र्याच्या डब्यात बांबूच्या तीसेक नळ्या भरून डबा आंब्याच्या फांदीला टांगला. चार महिने झाले, एकही माशी आत गेली नाही. काय चुकलं? (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : फवारणी केली नसेल अशी आशा आहे. केली असेल तर पुन्हा करू नका, ही विनंती आधी.

ही पानकापी माशी पान खात नाही. ते घरी नेते. लांबट तुकडे गुंडाळून ती आखूड विडीसारखी कुपी बनवते, त्यात पराग आणि मकरंदाचा घट्ट गोळा ठेवते, त्यावर एकच अंडं घालते आणि गोल तुकड्यांचं झाकण बसवते. मग त्यापुढे दुसरी कुपी. पोळं नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. सगळं एकट्या मादीच्या अंगावर. चार पानं गेली म्हणून निरोगी गुलाब मरत नाही. माझ्या वाईच्या परसात एक देशी गुलाब दर वर्षी कातरला जातो आणि दर वर्षी फुलतो.

आता तुमचा डबा. पहिली शंका मला फांदीची येते. वाऱ्यावर हलणारं घर या माश्या सहसा धरत नाहीत. डबा भिंतीला किंवा खांबाला घट्ट बांधा, कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर, तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला म्हणजे सकाळचं ऊन मिळेल. वर पागोळीचं पाणी येणार नाही इतकी वळचण हवी. आपल्याकडच्या पावसात ओल धरलेली नळी म्हणजे आतल्या परागाला बुरशी. याच कारणाने प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ वापरू नका, त्यांत दमटपणा कोंडतो.

दुसरी शंका नळ्यांची. दोन्हीकडून आरपार असतील तर उपयोग नाही. बांबू नेहमी गाठीच्या मागून कापा, म्हणजे गाठच मागची भिंत होते. भोक शिसपेन्सिल सहज आत जाईल एवढं, म्हणजे 6 ते 10 मिलिमीटर. खोली 15 सेंटिमीटरच्या आसपास. या खोलीला कारण आहे. अंडं फलित करायचं की नाही हे मादी घालताना ठरवते. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर. माद्यांची अंडी ती आत खोलवर घालते, नरांची दाराजवळ, कारण नर आधी बाहेर पडतात. नळी आखूड असली की आतली जागा कमी पडते आणि नरच जास्त निपजतात. कापलेल्या तोंडाचे कुसळासारखे धागे पॉलिश पेपरने घासून काढा, पंख फाटतात त्यांवर. बांबू पूर्ण वाळलेला घ्या. मी पहिल्या वर्षी ओला कळक कापून लावला होता, उन्हाळ्यात प्रत्येक नळी उभी चिरली आणि चिरांतून मुंग्यांनी सगळं साफ केलं. मुंग्यांसाठी आधाराच्या खांबाला ग्रीसचा पट्टा ओढा. विषारी खडूची रेघ मात्र नको.

तीस नळ्याही मला जास्त वाटतात. दहा-बारा पुरेत, बागेच्या दोन-तीन कोपऱ्यांत विभागून. मी एकदा ऐंशी नळ्यांचं मोठं घर उभं केलं होतं. पहिल्या हंगामात जवळजवळ निम्म्या नळ्यांची तोंडं पानांनी बंद झाली आणि मला फार आनंद झाला. पुढच्या वर्षी त्यांतल्या कितीतरी कुप्यांतून माशीऐवजी परोपजीवी गांधीलमाश्यांची बारीक पिल्लं बाहेर आली. इतकी घरं एका ठिकाणी मांडली की शत्रूला शोधावं लागत नाही. म्हणून माश्या निघून गेलेल्या नळ्या दर वर्ष-दोन वर्षांनी काढून नव्या घाला.

मुंगीएवढ्या, हिरवट चकाकणाऱ्या माश्याही असतात. त्यांना पोकळ नळी नको, मऊ गाभ्याची वाळकी काडी हवी. गुलाबाच्या, शंकासुराच्या छाटलेल्या काड्या जाळू नका. वीतभर जुडी करून तिथेच आडवी बांधा.

आणि एखादी नळी पानांऐवजी मातीने लिंपलेली दिसली तर ती कुंभारीण, म्हणजे मातीचं घर करणारी गांधीलमाशी, असू शकेल. आत अळ्या साठवते बिचारी, तुमच्या वांग्यावरच्याही. राहू द्या तिला. काही पानकाप्यांच्या बहिणीही मातीने नाहीतर डिंकाने दार बंद करतात.

जवळ खाणं नसेल तर उत्तम घरही रिकामं राहतं. कुंपणाशी तुरीची चार रोपं लावा. तूर आणि ताग फुलला की पानकापी आणि भुंगा दोघंही येतात. पोटाखाली पिवळा पराग माखलेली माशी दिसली तर ओळखा, तीच. पानकापी पराग पायांवर नाही, पोटाच्या खालच्या केसांत वाहते.

प्रश्न : गावच्या वाड्याची पांढऱ्या मातीची भिंत पाडून आम्ही विटांची बांधतो आहोत. त्या भिंतीत बोटभर भोकं आहेत आणि शेपटाकडे निळे पट्टे असलेल्या माश्या त्यांत जातात. त्यांचं काय होईल? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आपल्या गावांतल्या पांढरीच्या भिंती पडतात तेव्हा त्यांच्याबरोबर ही वस्तीही जाते, आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. या माश्या बांबूत राहत नाहीत. त्यांना कोरून काढता येईल अशी माती हवी, म्हणून नळ्यांचं घर त्यांना चालणार नाही.

शक्य असेल तर भोकं असलेला भिंतीचा भाग पाडू नका, कापा. गवंड्याला सांगून दीड-दोन फुटांचा तुकडा फळीवर अलगद उतरवून घ्या, भोकांची तोंडं होती त्याच दिशेला ठेवा, आणि पडवीत किंवा गोठ्याच्या छपराखाली, पाऊस लागणार नाही असा उभा करा. आत पिल्लं असतील तर त्यांना बाहेर यायला वाट राहील.

उरलेली माती फेकू नका. तीच भिजवा, थोडी वाळू मिसळा, जुन्या खोक्यात किंवा कुंडीत थापून वीतभर जाडीचा ठोकळा करा. ओला असतानाच पेन्सिलीने इंच-दीड इंच खोल चार-पाच भोकं पाडून ठेवा, पुढचं त्या स्वतः कोरतात. वाळल्यावर नखाने ओरखडा उठला पाहिजे. नख लागत नसेल तर माती फार चिकट आहे, वाळू वाढवा. सिमेंटचा कणही नको. माझ्या पहिल्या ठोकळ्याला वर्षभर कुणी विचारलं नाही, दुसऱ्या वर्षी तीन भोकं चालू झाली.

यांच्यासाठी एवढी खटपट का, तर वांगी आणि टोमॅटो. या फुलांतला पराग पुंकेसराच्या टोकाच्या बारीक वाटेने, हलवल्यावरच नीट बाहेर पडतो. निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला बिलगून अंग थरथरवते, तेव्हा तिचा आवाज एकदम बदलतो. भुंगाही हे करतो. पेटीत पाळतात त्या सातेरी मधमाशीला हे जमत नाही.

प्रश्न : अशी घरं लावली तर नातवंडांना डंख होतील का? (एक आजी, चिपळूण)

उत्तर : आजी, घाबरू नका. राखायला पोळं नसल्यामुळे या माश्या अंगावर धावून येत नाहीत. मादीला डंख आहे, पण मुठीत पकडली किंवा चिरडली तरच ती वापरते. नराला डंखच नसतो. मुलांना नळीत काडी घालू देऊ नका एवढं पुरे.

तुमच्याकडे तुळस किंवा सब्जा फुलला असेल तर दिवस मावळताना नातवंडांना वाळक्या काड्यांजवळ न्या. निळ्या पट्ट्यांचे नर रात्री घरट्यात जात नाहीत, जबड्याने काडी घट्ट धरून एकाखाली एक ओळीने झोपतात. बॅटरीचा उजेड हाताने झाकून धरायला सांगा.