कॉफीचे करोडो आणि आईचा खुबा

प्रश्न: घोडबंदर रोडच्या एका मॉलमधे ओल्या फरशीवर आईचा पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. मॉलवाले म्हणतात आजींनीच बघून चालायचं. टेक्सासचा भाऊ म्हणतो केस ठोक, आणि तोच म्हणतो तिकडे कॉफी सांडली तरी लोक करोडो उकळायचे म्हणून कायदा आवळलाय. करायचं काय? – एक वाचक, मानपाडा

उत्तर: आधी भावाची कॉफी निस्तरू. १९९४ चा निकाल आहे तो. ७९ वर्षांच्या बाई, मॅकडोनल्ड्सची कॉफी मांडीवर सांडली, ८० डिग्रीच्या वर गरम, इतकं भाजलं की दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. त्यांनी मागितले २० हजार डॉलर, कंपनी ८०० वर अडून बसली. मग कोर्टात आधीच्या ७०० च्या वर तक्रारी निघाल्या, ज्युरी (निकाल देणारे साधे नागरिक) भडकली, २७ लाख डॉलरचा दंड ठोकला, जजने तो ४ लाख ८० हजारांवर आणला आणि शेवटी बाहेरच मिटलं. लोकांच्या लक्षात राहिले २७ लाख, कायदा आवळून घ्यायला कंपन्या आणि इन्शुरन्सवाल्यांना तेवढंच हवं होतं.

टेक्सासने २००३ मधे डॉक्टरांवरच्या केसमधे वेदना-त्रासाच्या भरपाईला अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. डॉक्टरांच्या विम्याचे प्रीमियम उतरले हे खरंय. पण तुमच्या आईसारख्या बाईला बुडालेला पगार दाखवता येत नाही, दाखवायला दुखणंच असतं, आणि कात्री नेमकी तिथेच लागली.

आपल्याकडे उलटी बोंब. ज्युरी नाही, जिंकलो तर तिसरा हिस्सा तुमचा असं वकिलाशी ठरवता येत नाही, दिवाणी दाव्यात मागाल त्या रकमेच्या हिशोबाने कोर्ट फी आधी भरा आणि मग तारखा मोजा. इथे लोक ऊठसूट दावे लावतात हे मला तरी पटत नाही.

तुम्ही ठाण्याच्या ग्राहक आयोगात जा. त्या दिवशी तिथे काहीतरी विकत घेतलेलं असावं, बिल शोधा (नुसती एसीची हवा खायला गेला असाल, बरेच जण जातात, तर अवघड आहे). फी ठरते तुम्ही मोजलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही, त्यामुळे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शून्य. मुदत दोन वर्षं. पण मॉलला स्पीड पोस्टाने पत्र आजच टाका की सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा, कारण ते फार दिवस राहत नाही आणि फरशी ओली असल्याचा पिवळा बोर्ड तिथे होता की नव्हता यावरच सगळं भांडण होणार आहे.