टाकायासु (मोठ्या धमन्यांना सूज येण्याचा आजार) आहे, अँजिओग्राफी नॉर्मल आली, तरी जिना चढताना छाती का दुखते?

ताई, तुम्ही लिहिलंय की अँजिओग्राफी स्वच्छ आल्यापासून घरचे 'मनाचं आहे' म्हणतात. मनाचं नाही हो. माझ्या बायकोनंही हे ऐकून घेतलंय, माझ्याच तोंडून, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही तासगावकडचे. धुणं वाळत घालताना तिचा डावा हात भरून यायचा. एका दवाखान्यात डाव्या हाताला बीपी लागेना, तर मशीनला दोष देऊन उजव्या हाताला मोजलं आणि घरी पाठवलं. डाव्या हाताला नाडीच लागत नव्हती, हे पुढे मिरजेत कळलं.

टाकायासुत सूज येते ती महाधमनीला आणि तिच्या मोठ्या फांद्यांना. हृदयाच्या मोठ्या धमन्या तोंडाशी अरुंद झाल्या असतील तर अँजिओग्राफीत दिसतं. पण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या त्यात दिसतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला रक्त पोचवतात त्याच. आमच्या द्राक्षबागेत मेन लाइनला प्रेशर पूर्ण असतं, पण ड्रिपर चोंदले की वेल सुकतात. तसंच हे. फरक इतकाच की इथं वाहिनी चोंदलेलीच असेल असं नाही. सुजेमुळे तिचं आतलं अस्तर बिघडतं, वाहिनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतं, आणि जिना चढताना ती जेवढी रुंदावायला हवी तेवढी रुंदावत नाही. शिवाय डाव्या बाजूच्या हृदयस्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. महाधमनी ताठर झाली की नेमका त्याच वेळचा दाब उतरतो. म्हणजे बारीक वाहिन्यांवर दोन्हीकडून मार.

म्हणून डॉक्टरांना विचारा, रक्ताचा प्रवाह मोजता येईल का? स्ट्रेस एमआरआय किंवा पेट स्कॅनमध्ये औषध देऊन हृदयाचा प्रवाह किती वाढतो ते बघतात. निरोगी माणसात तो दुपटीच्या वर जातो. सूज आटोक्यात ठेवणं हाच मूळ इलाज, तेव्हा बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड मनानं बंद करू नका. ईएसआर, सीआरपी या सूज बघायच्या रक्तचाचण्या नॉर्मल असल्या तरी आत सूज असू शकते.

बसल्यावरही दुखणं थांबलं नाही, घाम फुटला, तर रात्र असो नाहीतर पहाट, थेट इमर्जन्सीत जा.

आणि बीपी दोन्ही हातांना मोजून घ्या. फरक आला तर जास्तीचा आकडा धरतात. दोन्ही हातांच्या वाहिन्या अरुंद असतील तर पायाला मोजतात. आमच्या फाइलवर मी लाल पेनानं लिहून ठेवलंय: 'बीपी उजव्या हातालाच.'