दुबईत फ्लॅट घेतोयस? आधी हे बघ

मरीनामधला तो फ्लॅट मलाही आवडला, पण टोकन द्यायची घाई नको. सांगितलेल्या किमतीवर दुबई लँड डिपार्टमेंटची ४ टक्के फी धर, रीसेल असेल तर एजंटचे साधारण २ टक्के वेगळे. आणि सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभालीचा खर्च, विचारच! तो चौरस फुटामागे दरवर्षी भरावा लागतो, फ्लॅट रिकामा असला तरी. माझं गणित तिथेच फसलं. बांधकाम चालू असेल तर पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच (फक्त त्याच बांधकामासाठी राखून ठेवलेलं खातं) भर, एजंट कितीही गोड बोलला तरी. भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच पाठवता येतात; १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकतो. वहिनींचं नावही लाव, त्यांची मर्यादा वेगळी मिळते.