विचारा तर खरं: पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं

मागच्या अंकात क्वीन या ब्रिटिश बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’बद्दल दोन ओळी छापल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ही चार.

प्रश्न : तुम्ही गाणं १९७५ चं लिहिलं. मोबाईलवर पायलं त एके ठिकाणी १९७५ अन् एके ठिकाणी १९९१ दिसते. काहून? खरं साल कोणतं धरायचं? (एक वाचक, वणी)

उत्तर : दोन्ही खरी. पहिली रेकॉर्ड ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबर १९७५ ला निघाली. ईएमआय कंपनीची, सात इंची. मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं मोटारीवरचं गाणं होतं. ‘अ नाइट ॲट दी ऑपेरा’ हा अल्बम त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये आला.

रेकॉर्ड निघण्याआधी वाद झाला तो गाण्याच्या लांबीवरून. रेडिओवर तेव्हा तीन-साडेतीन मिनिटांची गाणी चालायची आणि हे ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. एवढं लांब गाणं कोणी लावणार नाही, असं कंपनीचं मत. बँड कात्री लावू देईना. मग लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेट या निवेदकाला एक प्रत दिली गेली, ‘वाजवू नको’ असं बजावून. पठ्ठ्याने दोन दिवसांत १४ वेळा वाजवलं! लोक दुकानात मागायला गेले, तर रेकॉर्ड बाजारात आलेलीच नाही. ती आल्यावर गाणं तिथल्या यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. जानेवारी १९७६ च्या अखेरीस त्याला खाली ओढलं ते आब्बा या स्वीडिश बँडच्या ‘मामा मिया’ने. गंमत म्हणजे हे दोन शब्द या गाण्यातही आहेत.

१९९१ चा हिशेब वेगळा. गायक फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ ला एड्सशी संबंधित न्यूमोनियाने गेला. ९ डिसेंबरला हेच ध्वनिमुद्रण ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ज’सोबत पुन्हा काढलं, उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिलं. पुन्हा पाच आठवडे पहिला क्रमांक. अमेरिकेत १९७६ साली ते नवव्या क्रमांकापर्यंतच गेलं होतं. १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ चित्रपटात वाजलं आणि दुसऱ्यावर पोचलं. वहीत लिहून ठेवायचं तर १९७५ लिहा.

प्रश्न : भंगारवाल्याजवळ या गाण्याची रेकॉर्ड भेटली. धुळीनं भरली हाय. आबाजीचा चाबीचा ग्रामोफोन घरी हाय, त्याच्यावर लावली त चालन काय? अन् विकली त किती येतीन? (एक वाचक, आर्णी)

उत्तर : चाबीच्या ग्रामोफोनवर अजिबात लावू नका. त्याची लोखंडी सुई आणि वरचा डबा मिळून शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतात. तो लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या तव्यासाठी असतो. ही रेकॉर्ड प्लास्टिकची, ४५ फेऱ्यांची. हिला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. एकदा लावली की खाचा खरवडून निघतील, आणि खरवडलेली खाच दुरुस्त होत नाही.

आधी धुवा. बोअरचं पाणी नको, त्यातला क्षार खाचेत पांढरा बसतो आणि मग गाणंभर चरचर ऐकू येते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. बाटली नीट वाचून घ्या, ॲसिडची उचलू नका. अर्ध्या लिटरमध्ये भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब. काळ्या मातीची धूळ बारीक आणि खरखरीत असते, म्हणून कोरडी कधीच पुसू नका. मऊ ब्रशने आधी झटका, मग ओलं फडकं खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं नाही. मधलं कागदी लेबल कोरडं ठेवा. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसा आणि सावलीत उभी करून वाळवा. स्पिरिट वापरायचा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या. तेच फडकं उद्या आबाजींच्या लाखेच्या तव्यावर फिरेल आणि लाख विरघळेल.

मे महिन्यात टिनाच्या खोलीत ठेवली तर ती पापडासारखी वाकते. वाकलेली रेकॉर्ड काचेखाली दाबून उन्हात सरळ करायचा उद्योगही नको.

वेग बरोबर आहे का, हे घड्याळाने कळतं. ५ मिनिटं ५५ सेकंदांत संपली तर ठीक. आठ मिनिटांच्या आसपास लागली तर बटन ३३ वर राहिलंय. सात मिनिटांपेक्षा पाच-सात सेकंद जास्त लागले तर प्लेअर बहुधा अमेरिकेचा आहे. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०, त्यामुळे काही मोटारी ४५ ऐवजी साडेसदतीस फेऱ्याच मारतात. सूरही उतरतो : काळी पाचमधला पियानोचा भाग पांढरी पाचमध्ये ऐकू येतो.

आवाज इतर रेकॉर्डींपेक्षा बारीक वाटला तर मशीनला दोष देऊ नका. सात इंचांत सहा मिनिटं बसवायची तर खाचा जवळ-जवळ कोराव्या लागतात, म्हणजे आवाज कमी ठेवावा लागतो. मधल्या लेबलकडे जाता जाता सुई जास्त फाटक्या आवाजात वाजते. पण इथे शेवटचं मिनिट शांत आहे, जोरकस गिटार त्याआधीच संपते. लांब गाण्याला असा शेवट लाभणं हे नशीबच.

किमतीसाठी लेबलवरचा क्रमांक बघा. ‘ईएमआय २३७५’ म्हणजे १९७५ ची ब्रिटिश आवृत्ती. ती लाखोंनी छापली गेली, दुर्मीळ नाही. ‘क्वीन २०’ म्हणजे १९९१ ची. संग्राहक ज्याच्यामागे धावतात ती १९७८ ची निळसर-जांभळी, क्रमांक घातलेली, फक्त २०० प्रतींची. तुमची काळी असेल तर गाणं ऐका, तिच्या भरवशावर जमिनीचा सौदा करू नका.

प्रश्न : फ्रेडी मर्क्युरी महाराष्ट्रात शिकला, हे खरं की कॉलेजच्या पोरांची थाप? (एक वाचक, दर्यापूर)

उत्तर : खरं. मूळ नाव फारोख बुलसारा, पारशी कुटुंब, जन्म १९४६ चा, झांझिबारमधला. आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड तिथलाच.

प्रश्न : या गाण्यात मधात शंभर लोक गातात असं वाटते. आमच्या खंजिरी भजन मंडळात तीनच पोरं सुरात हायेत. त्यायचा आवाज असा भरता येईल का? (एक वाचक, मूर्ती)

उत्तर : तिथेही तिघंच आहेत. फ्रेडी मधल्या पट्टीत, गिटारवाला ब्रायन मे खालच्या, रॉजर टेलर वरच्या. काम २४ ऑगस्ट १९७५ ला वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झालं, पुढे इतर स्टुडिओंत. फितीवर २४ ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज भरायच्या २४ जागा. त्या भरत आल्या की बरेच ट्रॅक एकावर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुन्हा गायचं. असे सुमारे १८० थर दिले. मशीनच्या डोक्यावरून इतक्यांदा गेल्याने फीत झिजली आणि उजेडात आरपार दिसायला लागली, असं सांगतात.

तुम्हाला फीत नाही, मोबाईलमधलं मल्टिट्रॅक ॲप पुरेल. आधी तानपुरा आणि खंजिरी भरून घ्या. मग तिघांनी मिळून एकच ओळ एकाच सुरात तीनदा गा, तीन वेगळ्या ट्रॅकवर. तसंच वरच्या आणि खालच्या सुरात. नऊ ट्रॅक झाले, म्हणजे सत्तावीस गळे. गाताना तानपुरा इअरफोनमध्येच ऐका, नाहीतर तो प्रत्येक ट्रॅकवर चढत जातो. पंखा बंद, भिंतीला दोन गोधड्या, माईक तोंडापासून हातभर.

हमखास बिघडतं ते ‘स’ आणि ‘ट’वर. ओळीच्या शेवटी सत्तावीस ‘स’ मागेपुढे पडले की फोडणी दिल्यासारखा आवाज येतो. तो शेवटचा ‘स’ एकानेच म्हणावा, बाकीच्यांनी स्वरावरच थांबावं.