पावसाआधी साइटवर काय बघशील

तुझी पहिलीच साइट, तीही उतारावर, म्हणून सांगतो: मे संपायच्या आत पाण्याची वाट ठरव. प्लॉटच्या वरच्या अंगाला चर खण, म्हणजे डोंगराचं पाणी खोदाईत शिरणार नाही. खालच्या कोपऱ्यात गाळ बसायला खड्डा हवा. उपशाचा पंप थेट गटारात सोडू देऊ नकोस. पाणी आधी खड्ड्यात, मग निवळ तेवढंच बाहेर. पंपाच्या पाइपच्या तोंडाशी असलेला फूटव्हॉल्व्ह तळाला टेकला तर चिखलच ओढतो, तो दोरीने वर टांग. मुरमाचा ढीग नाल्यापासून लांब, ताडपत्रीखाली. कडांवर डबर ठेव, नाहीतर पहिल्याच वळवाला ताडपत्री शेजाऱ्याच्या गच्चीवर.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट आणणारा ट्रक) धुतलेलं पाणी. दिसतं नुसतं राखाडी, पण पीएच 12 च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कधर्मी. ओढ्यात गेलं की मासे मरतात. ड्रायव्हर घाईत गेटबाहेरच धुवायला बघेल. त्याला प्लास्टिक अंथरलेला खड्डा दाखव आणि काँक्रीटच्या डिलिव्हरी चलनावर सही धुणं झाल्यावरच कर.

धुळीवर पाणी मारणं, हिरवी जाळी हे सगळे करतात, कारण ते दिसतं. राडारोडा मात्र रात्री नदीकाठी जातो. केंद्रीय नियमांनुसार त्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर आहे, तेव्हा डंपरची प्रत्येक पावती जपून ठेव.