"मॅडम, हा मुद्दाम करतो का हो?"

दुसरीतल्या मुलाला घेऊन आई आली, तीच डोळे पुसत. रोज सकाळी गणवेशावरून रडारड. कॉलरचं लेबल टोचतं, मोज्याची शिवण टोचते. डोक्यावरून कुणी हात फिरवला तर अंगावर पाल पडल्यासारखा दचकतो. घरच्यांचं मत एकच, लाडावलाय. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुद्दाम नाही, हे मी लगेच सांगितलं. पण तेवढ्याने समाधान होत नाही, म्हणून वहीत चित्र काढलं. त्वचेत चेतातंतूंची टोकं असतात. त्यांच्या पातळ आवरणात पिझो-२ नावाचं प्रथिन बसलेलं असतं, तीन पात्यांच्या पंख्यासारखं. त्वचा दबली की आवरण ताणतं, पाती सपाट होतात, मधलं छिद्र उघडतं, धनभारित कण आत घुसतात आणि विजेचा संदेश मज्जारज्जूकडे निघतो. लेबल घासलं की हे खरोखर घडतं, त्याच्या मनात नाही. कॅलिफोर्नियात अर्देम पातापुतियान आणि बर्ट्रांड कोस्ट या शास्त्रज्ञांनी पेशींना सूक्ष्म काचनळीने डिवचत, ७२ संशयित जनुकं एकेक करून बंद करून पाहिली, कोणतं बंद केल्यावर पेशीला दाब कळेनासा होतो ते शोधायला. त्यातून पिझो-१ सापडलं, पाठोपाठ पिझो-२. हे २०१० सालचं. २०२१ मध्ये पातापुतियान यांना नोबेल मिळालं.

"मग आम्हाला का नाही टोचत?"

कारण मज्जारज्जूत शिरताना या संदेशाला लगाम बसतो. हार्वर्डमध्ये डेव्हिड गिंटी आणि लॉरेन ओरेफिस या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये उंदरांत दाखवलं की स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) निगडित काही जनुकं फक्त स्पर्शपेशींतून काढली, तरी हा लगाम सैल पडतो. साध्या फुंकरीनेही उंदीर जास्त दचकतात. 'स्वमग्नता' ऐकताच आईचा चेहरा उतरला. मी तिचा हात धरला. नुसत्या लेबलावरून तसं निदान होत नाही, आणि उंदरांवरून माणसाचं तर नाहीच. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे मुलांच्या रोजच्या कामांतल्या अशा अडचणी पाहणाऱ्या तज्ज्ञांकडून, तपासून घ्या, एवढंच म्हटलं.

मग विचारलं, कुणाचा हात चालतो त्याला?

ती थबकली. "सासूबाई रविवारी तेल चोळतात ना, तेव्हा गप्प पडून राहतो. डोळे मिटून."

अशा बऱ्याच मुलांना निसटता स्पर्श सोसत नाही, घट्ट दाब मात्र आवडतो. लेबलं उसवायची, बनियन उलटा घालायचा, जवळ घेताना आधी सांगून पूर्ण तळव्याने घट्ट धरायचं, असं ठरलं.

पुढच्या वेळी आजीही आल्या. "मीच लाडावलाय म्हणत होते हो," म्हणाल्या आणि नातवाचा पंजा दोन्ही हातांत दाबून बसल्या. त्याने काढून घेतला नाही.